गरीब विद्यार्थ्याचा निर्वाह आणि पात्रतेचे नियम

मुलाच्या शिक्षणास खर्च किती येतो, असे आपण एकमेकांस विचारतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा फीचा आकडा असतो. प्रवेशाची फी, परीक्षेची फी, प्रयोगशाळेची फी, ह्यांची बेरीज झाली की हिशेब पुरा झाला असे आपणांस वाटते. ह्याचे कारण उघड आहे. आपला मुलगा घरी जेवतो आणि घरीच निजतो. त्याच्या ताटातील पोळी शिक्षणाच्या खर्चात धरण्याचे आपणांस कारणच पडत नाही. ज्याला शिकण्यासाठी गाव सोडावे लागते, त्याची गोष्ट निराळी. त्याची फी माफ झाली तरी सकाळ-संध्याकाळची भूक माफ होत नाही. दोन वेळचे जेवण, रात्री पाठ टेकावयास जागा, आणि वह्यापुस्तके, ह्यांची जी तरतूद तिला आपण निर्वाह म्हणतो. ह्या निर्वाहासाठी सरकार काही रक्कम देते. ती कोणास मिळते, कोणत्या अटींवर मिळते, आणि ज्यांच्यासाठी ती ठेवली आहे त्यांस त्या अटी पुऱ्या करता येतात की नाही, ह्याचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे गाव आपण नजरेसमोर ठेवू.

परंतु सिरसाळ्यास जाण्यापूर्वी थोडे मागे पाहणे जरूर आहे. गरीब विद्यार्थ्याने जेवावे कोठे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी पुण्यात किंवा नाशकात वार लावून विद्या केली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार भरले म्हणजे विद्यार्थी निश्चिंत झाला. कोणी माधुकरी मागितली. ह्या पद्धतीत अर्ज नव्हता, दाखला नव्हता, उत्पन्नाची मर्यादा नव्हती. घरच्या बाईने मुलाच्या तोंडाकडे पाहिले की तिला त्याची पात्रता कळत असे. ह्या पद्धतीची थोरवी मी कमी लेखीत नाही. परंतु तिच्यात एक मोठे न्यून होते, आणि ते झाकून चालणार नाही. कोणते दार कोणासाठी उघडावयाचे हे मुलाच्या भुकेवरून ठरत नसे. ते त्याच्या जातीवरून ठरे. ज्याची सावली उंबऱ्यावर चालत नव्हती, त्याला सात वारांपैकी एकही वार मिळण्यासारखा नव्हता.

हे न्यून ओळखून ज्यांनी निर्वाहाची निराळी व्यवस्था केली, त्यांची नावे आपणांस परिचित आहेत. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर ह्या विद्यार्थ्यास प्रथम एलफिन्स्टन महाविद्यालयात असता दरमहा २५ रुपये, आणि पुढे १९१३ साली अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड अशी शिष्यवृत्ती दिली. ह्या शिष्यवृत्तीची कहाणी आपल्या विषयास फार बोधप्रद आहे. तिच्या बळावर कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास झाला. परंतु १९१७ साली तिची मुदत संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना परत यावे लागले. पुन्हा लंडनला जावयास १९२० साल उजाडले. आणि त्यासाठी स्वतःच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज इतके सारे एकत्र करावे लागले. बुद्धी तीच, परिश्रम तेच. खंड पडला तो निर्वाहाच्या पैशामुळे. आंबेडकरांसारख्या पुरुषाचीही जेथे ही अवस्था, तेथे सामान्य मुलाची काय कथा?

राजे उदार असतात, पण सगळ्याच विद्यार्थ्यांची राजाशी गाठ पडत नाही. म्हणून ह्या साहाय्यास नियमाचे रूप येणे अवश्य होते. हिंदुस्थान सरकारने १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या आगेमागे, ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत आहे त्यांच्या मुलांस फी माफ करण्याची सवलत आली. जुन्या पिढीला ती 'ई. बी. सी.' ह्या तीन अक्षरांनी आठवत असेल. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पात्रतेचे नियम हे गरिबास अडविण्यासाठी जन्मास आले नाहीत. ते मेहेरबानी संपविण्यासाठी आले. नियम असला म्हणजे विद्यार्थी हात पसरीत नाही. तो आपले देणे मागतो. नियमांविषयी पुढे मी जे बोलणार आहे, ते ही गोष्ट मान्य करूनच बोलणार आहे.

आता हे नियम आज काय देतात ते पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम २०२१ साली सुधारले गेले. त्यांत अभ्यासक्रमांचे चार गट पाडले आहेत. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्यास ७,००० रुपये; अकरावी-बारावीच्या चौथ्या गटात अनुक्रमे ४,००० आणि २,५०० रुपये. चार हजारांस बारांनी भागिले तर महिन्याचे ३३३ रुपये होतात. एवढ्यात शहरात कोणाचा निर्वाह होईल, हे ज्या गृहिणी महिन्याचा किराणा भरतात त्यांस मी सांगावयास नको.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ च्या जानेवारीत भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना जाहीर केली. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांस शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी ती आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत भोजनास ३२,०००, निवासास २०,००० आणि किरकोळ निर्वाहास ८,००० असे वर्षाचे ६०,००० रुपये. विभागाच्या ठिकाणी ५१,०००. आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये, असे तिचे मूळ दर ठरले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती ह्यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३ च्या डिसेंबरात आली. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. म्हणजे कागदावर पाहिले तर बहुतेक प्रत्येक गरीब घरासाठी कोठे ना कोठे एक दार ठेविलेले आहे. प्रश्न आहे तो उंबऱ्याच्या उंचीचा.

आता आपण सिरसाळ्यास जाऊ. परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. हा मुलूख कोरडवाहू कापसाचा आणि सोयाबीनचा. आणि त्याची दुसरी ओळख म्हणजे ऊसतोडणीस जाणारी माणसे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून त्या व्यवहारात एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घ्यावयाची आणि उन्हाळा लागेपर्यंत ती फेडावयाची, असा हा धंदा आहे.

अशा एका कुटुंबाची आपण कल्पना करू. कुटुंब कल्पित आहे. त्याची परिस्थिती मात्र कल्पित नाही. ते अनुसूचित जातीचे आहे, दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, आईबाप तोडणीस जातात. थोरली मुलगी बारावी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली आहे आणि तिला छत्रपती संभाजीनगरास परिचारिकेच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच. ह्या मुलीने आता निर्वाहाची रक्कम मागावयाची आहे.

पहिली अट उत्पन्नाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. हे कुटुंब त्या मर्यादेच्या आत आहे ह्यात संशय नाही. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढून टनास सुमारे ३६६ रुपये झाला. जोडप्याने दिवसास दोन टन ऊस तोडला आणि चार महिन्यांत एकही खाडा पडू दिला नाही, तरी त्या दराने मजुरी सुमारे ८८ हजारांपर्यंत जाते. पण गरिबी असणे ही एक गोष्ट आणि ती सिद्ध करणे ही दुसरी. नोकरदार माणूस पगारपत्रक काढून दाखवितो. मुकादमाच्या वहीत लिहिलेल्या उचलीचे पगारपत्रक कोण देणार? म्हणून तलाठ्याचा अहवाल, सातबाराचा उतारा, शिधापत्रिका आणि स्वतःचे घोषणापत्र ह्यांवरून तहसील कचेरी उत्पन्नाचा दाखला देते. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, फेऱ्या त्याच आहेत. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा काढावा लागतो. मुलीच्या अर्जाचे दिवस आणि आईबापांच्या प्रस्थानाचे दिवस एकमेकांस भिडलेले असतात. एखादे कागदपत्र राहिले, तर ज्याची सही हवी तो बाप दूर उसाच्या फडात असतो.

दुसरी अट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून येथील रहिवासी असल्याचा पुरावा पाहतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे, आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. हा पुरावा म्हणून सर्वांत सोपा कागद कोणता? आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आता ह्यातील विरोध पाहा. १९५० साली सिरसाळा हैदराबाद संस्थानातून नुकतेच भारतात आलेले. तेथील जुने सरकारी दफ्तर उर्दूत. आणि ह्या मुलीच्या पणजोबाने शाळा पाहिलीच नव्हती. ज्या घरात शिक्षण पोचले होते, त्या घरात पुरावा आहे. ज्या घरात ते आज प्रथम पोचत आहे, आणि म्हणून ज्याला साहाय्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच घराची पेटी रिकामी आहे. कायद्याने अशा वेळी गृहचौकशीची, शपथपत्राची आणि इतर महसुली नोंदींची वाट ठेविलेली आहे. परंतु ती वाट आहे हे त्या घरास सांगावयास कोणी तरी हवा असतो.

तिसरी अट स्थानाची. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तेथील तो रहिवासी नसावा, आणि त्याने शासकीय वसतिगृहासाठी आधी अर्ज केलेला असावा. ही अट रास्त आहे. घरी राहणाऱ्यास निवासभत्ता कशाला? परंतु योजना निघाली तेव्हा तिचा विस्तार मोठ्या शहरांपुरता आणि जिल्ह्याच्या ठिकाणांपुरताच होता. परळी तालुक्यातील मुलास शिक्षणासाठी सर्वांत जवळचे मोठे ठिकाण म्हणजे आंबाजोगाई. तेथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण आंबाजोगाई हे तालुक्याचे गाव! तेथे खोलीचे भाडे द्यावे लागते आणि खानावळीचे पैसेही. तरी जिल्ह्याचे ठिकाण नाही म्हणून ती खोली नियमाच्या दृष्टीने नव्हतीच. पुढे ह्या योजनांत सुधारणा होऊन तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८,००० रुपयांची चौथी पायरी जोडली गेली. नियम करणाऱ्याने नकाशा जरा जवळून पाहिला म्हणजे काय होते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

चौथी अट गुणांची आणि उपस्थितीची. स्वाधारसाठी प्रारंभी ६० टक्के गुण लागत; पुढे ही मर्यादा ५० वर आणिली गेली, आणि दिव्यांगांसाठी ४० ठेविली. वर्गातील उपस्थिती ७५ टक्के हवी. सरकारी पैशाने शिकणाऱ्याने वर्गात बसावे, ह्याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. परंतु आपल्या ह्या मुलीस दोन धाकटी भावंडे आहेत. आईबाप फडात गेले की घर तिच्यावर पडते. म्हातारी आजी आजारी पडली, तर शहरातून गावी कोणी यावयाचे? तिनेच. म्हणून मोठ्या मुलीची उपस्थिती टिकावी असे वाटत असेल, तर धाकट्या मुलांची सोय आधी व्हावी लागते. शाळकरी मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालतात, आणि २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरिता दहा जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, ती ह्याच जाणिवेने. एका बहिणीचे महाविद्यालय दुसऱ्या भावाच्या वसतिगृहावर उभे असते, हे नियमांच्या निरनिराळ्या पुस्तकांत दिसत नाही. घरात मात्र ते रोज दिसते.

आणखी एक गोष्ट. पात्र ठरणे म्हणजे मिळणे नव्हे. आधार योजनेत जिल्ह्यास ६०० विद्यार्थी अशी संख्या ठरविली गेली. पात्रांची संख्या तिच्याहून अधिक झाली की गुणानुक्रम लागतो, आणि सहाशे-एकाव्या विद्यार्थ्याची भूक तेवढीच असूनही तो बाहेर राहतो.

आता अडीच लाखांच्या त्या रेषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा दोन लाखांवरून अडीच लाखांवर आली ती २०१३ साली. २०२१ साली नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हाही ती तेथेच राहिली. मधल्या काळात धान्य, तेल, खोलीचे भाडे, एस. टी. चे तिकीट, ह्यांपैकी काही जागच्या जागी राहिले काय? अडीच लाखांस बारांनी भागिले की महिन्याचे २०,८३३ रुपये येतात. एखाद्या कारखान्यावर कंत्राटी काम करणाऱ्या माणसास महिना एकवीस हजार मिळत असतील, तर त्याच्या पगाराच्या चिठ्ठीनेच त्याचा मुलगा अपात्र ठरतो. महिन्याला १६७ रुपयांच्या अधिकाने वर्षाचे ५१,००० रुपये जातात. त्याच्या शेजारी ज्याचा व्यवहार रोखीचा आहे आणि ज्याच्या मिळकतीचा कागदच होत नाही, तो मात्र त्याच्याहून सुस्थितीत असूनही आत येऊ शकतो. म्हणजे येथे प्रामाणिक कागद असणे हाच दोष ठरला! उलट फीसंबंधी पाहा. २०२४ च्या जुलैमध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मागास आणि दुर्बल वर्गांच्या मुलींस शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची होती. फीसाठी आठ लाख आणि भाकरीसाठी अडीच लाख, असे हे दोन मापांचे मोजणे आहे. जिची फी माफ झाली पण जिच्या जेवणाची सोय नाही, ती मुलगी त्या माफ झालेल्या वर्गात बसणार कशी?

मी रेषा नको असे म्हणत नाही. सरकारची तिजोरी अथांग नाही, आणि सधनांनी गरिबांच्या ताटातले उचलू नये म्हणून कोठे तरी रेघ ओढावीच लागते. परंतु ती रेघ महागाईबरोबर हलली पाहिजे, आणि तिच्यापाशी कडा नसून उतार असला पाहिजे. अडीच लाखांपर्यंत पूर्ण रक्कम, त्यापुढे काही टप्प्यांपर्यंत पाऊण किंवा निम्मी, असे का असू नये? दुसरे, जो कागद सरकारच्याच एका कचेरीत आहे, तो विद्यार्थ्याने दुसऱ्या कचेरीत का नेऊन द्यावा? जमिनीची नोंद महसूल खात्याकडे आहे, शिधापत्रिका पुरवठा खात्याकडे आहे, गुणपत्रिका मंडळाकडे आहे. कचेऱ्यांनी एकमेकींस विचारावे. मुलास धावडवू नये. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, वेळेचे. निर्वाहाचे हप्ते उशिरा मिळाल्याच्या, वर्ष सरल्यावर मिळाल्याच्या तक्रारी विद्यार्थ्यांनी वारंवार केलेल्या आहेत. फी थकली तर महाविद्यालय काही दिवस थांबू शकते. खानावळवाला महिन्याच्या महिन्यास पैसे मागतो, आणि पोट तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबत नाही. ५१,००० रुपयांत भोजनाचा भाग २८,००० रुपयांचा. दहा महिन्यांचा हिशेब केला तर दिवसास सुमारे ९३ रुपये. ही रक्कम वेळेवर आली तर ती निर्वाह आहे. वर्षानंतर आली तर तिच्यातून फक्त सावकाराचे व्याज फिटते. प्रवेश पक्का होताच पहिला हप्ता हाती पडावा आणि कागदांची अंतिम तपासणी मागाहून व्हावी, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ मुलांचे पहिले वर्ष वाचेल. पहिले वर्ष वाचले की मूल बहुधा टिकते.

श्रोतेहो, हे सारे सरकारने करावयाचे झाले. परंतु मी आज बोलत आहे ते शहरांतील सुशिक्षित घरांशी, आणि ह्या प्रकरणात आपल्याकडेही एक काम आहे. स्वाधारसारख्या योजनेत विद्यार्थ्याने आपण भाड्याने राहतो असा पुरावा जोडावयाचा असतो: भाडेकरार किंवा घरमालकाची चिठ्ठी. आता ह्या खोल्या कोणाच्या आहेत? आपल्याच. पुण्याच्या पेठांत, छत्रपती संभाजीनगरात, लातुरात, ज्या घरांच्या गच्चीवरच्या किंवा मागल्या अंगणातल्या खोलीत गावाकडची मुले राहतात, ती घरे आपली आहेत. आणि भाडे रोख घेऊन चिठ्ठी देण्यास मात्र आपण कुरकुरतो. कर लागेल, भाडेकरू हक्क सांगेल, उगीच लचांड नको, अशी कारणे आपण सांगतो. आपल्या दृष्टीने ते एक चिठोरे असते. त्या मुलाच्या दृष्टीने तो वर्षाचा निर्वाह असतो. तहसीलदाराने दाखला दिला, तलाठ्याने अहवाल दिला, महाविद्यालयाने उपस्थिती दिली, आणि सुशिक्षित घरमालकाने चिठ्ठी दिली नाही म्हणून अर्ज अडला, असे घडले तर दोष नियमांस कसा द्यावा?

तसेच आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईची मुलगी, इस्त्रीवाल्याचा मुलगा, इमारतीच्या पहारेकऱ्याचे मूल बारावी झाले असेल, तर त्यास पाच-पन्नास रुपये देण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून हे नियम वाचावेत. कोणती योजना त्याच्या घरास लागू पडते, उत्पन्नाचा दाखला कोणत्या महिन्यात काढावा, जातीच्या दाखल्यास जुना पुरावा नसेल तर चौकशी कशी मागावी, बँकेतील खाते आधार क्रमांकाशी जोडले आहे की नाही, इतक्या चार गोष्टी पाहून द्याव्यात. ज्या घरात तीन पिढ्या अर्ज भरले गेले, त्या घरास हे अर्ध्या तासाचे काम आहे. ज्या घरात पहिलाच अर्ज भरला जात आहे, तेथे त्यावाचून वर्ष जाते.

आपल्या वाडवडिलांच्या घरी विद्यार्थी वारावर जेवत, हे आपण अभिमानाने सांगतो. आज कोणी आपल्या दाराशी माधुकरी मागावयास येणार नाही, आणि येऊ नये. गरीब विद्यार्थ्याचा निर्वाह हा आता दान राहिलेला नाही, तो हक्क झाला आहे. परंतु हक्क म्हणजे कागद, आणि कागदास सही लागते. सिरसाळ्याची ती मुलगी आपल्या शहरात आली, तर तिला जेवावयास बोलावण्याआधी तिच्या अर्जावर काय राहिले आहे ते विचारावे, आणि त्यांतील जी सही आपल्या हातची असेल ती त्याच दिवशी करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.